एकही पद स्वीकारलेले नाही

१ डिसेंबर २०२५, सोमवार. पहाटे ५.१०

आजपासून डायरी. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. खरं असं की गेली तीस वर्षं सोलापूर एका गायकाला मुकलं आहे. तो गायक आमच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसतो. तो मीच.

काल नाटकासाठी निवड होती. रुद्राणी म्हणून एक मुलगी पुण्याहून नाटक शिकून आली आहे. वय पंचविशीच्या आसपास, चष्मा मोठा, बोलणं फटकळ. जुन्या संगीत नाटकांना मुजरा म्हणून ती नवं विनोदी नाटक बसवते आहे, 'संगीत हुरडापरिणय'. नांदी आहे, सूत्रधार आहे, पायपेटी आहे, उठता-बसता 'प्राणनाथ' आहे. राजा मालदांडेश्वराचा पण असा की ज्याला कोवळा हुरडा न करपवता भाजता येईल त्यालाच राजकन्या देईन. मी राजासाठी नाव दिलं. उंची, पोट, आवाज, तिन्ही आहे.

पेटीवर हरिबा. सत्तरी उलटलेली, तोंडात कायम सुपारी. पट्टी कुठली म्हणाले. मी काळी चार म्हटलं आणि गायलो. हरिबा पेटीभर बोटं फिरवून दमले. शेवटी म्हणाले, तुमचा सूर काळीच्या आन् पांढरीच्या मधल्या फटीत हाय, तितं बटन नसतं.

म्हणजे माझा आवाज पेटीत मावत नाही. हे एका जाणकारानं सांगितलं. मी नाही.

३ डिसेंबर, बुधवार

भूमिका कळली. राजा नाही. राजपुत्र नाही. द्वारपाल.

आधी पाच मिनिटं वाईट वाटलं. मग विचार केला. राजासुद्धा मधे आत जातो, द्वारपाल मात्र पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत स्टेजवर. भाला धरून उभा. आठ वेळा 'महाराजांचा विजय असो'. आणि मुख्य गोष्ट म्हणजे एक पद! स्वतंत्र. दुसऱ्या अंकात राजपुत्र दार ठोठावतो तेव्हा मी गातो, 'दार कसे मी उघडू राजसा, किल्ली राहिली घरी'. रुद्राणी म्हणाली, हे पद सुरात नसलं तरी चालेल काका, म्हणून तुम्हाला दिलंय. दिग्दर्शक एवढी मोकळीक उगाच कोणाला देत नाही.

घरी सांगितलं. सुकन्या म्हणाली, अहो, रजा पगारी का बिनपगारी? संस्कृती बारावीला आहे, तिला बोर्डापेक्षा माझी टिंगल महत्त्वाची. म्हणाली, बाबा, तुम्ही पडदा पडायच्या आधी गाणार का नंतर?

माढ्याला सासऱ्यांना, रामहरीबापूंना, स्वतः फोन केला. याला कारण आहे. बावीस वर्षांपूर्वी माझ्याच लग्नात मी मंगलाष्टक म्हणायला घेतलं, तर दुसऱ्या ओळीला रामहरीबापूंनी उठून माइकची वायर काढली. लाइट गेली म्हणून सांगितलं. मंडपातले पंखे चालू होते. एक पद, पूर्ण, सगळ्यांच्या समोर, मधे कोणी न थांबवता. एवढंच मागणं आहे माझं या जन्मीचं.

बापू म्हणाले, टेम्पो करून येतो की, समदी येतो.

९ डिसेंबर. पहाटे ५.३०

रियाज सुरू. थंड बंद, तळकट बंद, आस्थापनेवरच्या हिंदुरावशी वाद बंद. हे तीन संकल्प.

मी 'दार कसे' म्हटलं की सुकन्या स्वयंपाकघरात मिक्सर लावते. इतक्या पहाटे कसली चटणी म्हणून विचारलं तर म्हणाली, वेळ मिळतो तेव्हा करते. चटणी झालीच होती म्हणून भाकरीशी थोडी खाल्ली. शेंगदाण्याच्या तेलानं गळा सुटतो, हे आजच लक्षात आलं. संकल्पात तशी दुरुस्ती केली.

हिंदुरावशी वाद मात्र झाला. चूक त्याची होती.

१५ डिसेंबर, सोमवार

तालमी दुपारी चारला. पोटदुखीवर दोन अर्ध्या रजा झाल्या. तिसऱ्यांदा तेच लिहिलं तर सोनोग्राफीचा कागद मागतील. म्हणून ठरवलं, सरळ खरं लिहायचं. कार्यालयीन भाषेत माझा हात धरणारा कोणी नाही. 'सविनय सादर की, हुरडापरिणय मंडळात मला एक महत्त्वाचे पद प्राप्त झाले असून, सदर पदाच्या पूर्वतयारीसाठी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी.' चार वेळा वाचला. इतका सुंदर अर्ज टेबलावरून गेलाच नसेल.

१८ डिसेंबर, गुरुवार

कारणे दाखवा नोटीस!

'आपण कार्यालयाची पूर्वपरवानगी न घेता हुरडापरिणय मंडळ या खाजगी संस्थेत महत्त्वाचे पद स्वीकारल्याचे आपल्याच अर्जावरून दिसून येते. सबब आपणाविरुद्ध कार्यवाही का करू नये याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.' खाली गुरुराज साहेबांची सही. साहेब अक्कलकोटचे. घरी कानडी, ऑफिसात मराठी, आणि मराठी सगळं फाइलीत शिकलेलं. त्यांना पद म्हणजे खुर्चीच माहीत असणार. त्यांचा दोष नाही.

हिंदुरावकडे गेलो. म्हटलं, अरे बाबा, पद म्हणजे गाणं. नाटकातलं गाणं. तो म्हणाला, तसं लिहून द्या की. मी पेन काढलं. तेवढ्यात तो म्हणाला, आणि तालीम कधीपासून सुरू हाय तेबी लिवा. तारखा लागतील.

पेन ठेवलं. तारखा म्हणजे पोटदुखीच्या तारखा. मार्चमध्ये बढतीची यादी निघते. बावीस वर्षं आवक-जावक केल्यावर हेडक्लार्क होण्याची ही एकच वेळ. गाणं म्हणालो तर पोट खोटं ठरतं, पोट म्हणालो तर पद खरं ठरतं. जेवण गेलं नाही. म्हणजे दोन भाकरीच गेल्या.

१९ डिसेंबर, शुक्रवार

तोड सापडली! एका ओळीचा खुलासा दिला. 'मी कोणत्याही मंडळात एकही पद स्वीकारलेले नाही व यापुढेही स्वीकारणार नाही.'

हिंदुरावनं कागद उलटसुलट करून बघितला. पोच घेतली. कागदावर पद म्हणजे खुर्ची, स्टेजवर पद म्हणजे गाणं. शब्द एक, अर्थ दोन, आणि मधून मी सहीसलामत बाहेर. वकील व्हायला हवं होतं मी. पण मग गाणं मागं पडलं असतं.

२३ डिसेंबर, मंगळवार

हिंदुराव जेवायच्या सुट्टीत टेबलापाशी आला. म्हणाला, तुमच्या नाटकाला साहेब येणार हायत, फॅमिली घेऊन. २५ जानेवारीला. मीबी येतो. आणि पत्रिका छापली की एक कॉपी द्या. त्यात तुमच्या नावापुढं 'पद' असा शब्द दिसला तर खुलाशाला टाचतो. लेखी दिलंय तुमी. एकही नाही, असं.

संध्याकाळी रुद्राणीला म्हटलं, पत्रिकेत 'पद' नको, 'गीत' छाप. ती म्हणाली, काका, संगीत नाटकाला मुजरा करतोय आपण, वाढदिवसाचा ऑर्केस्ट्रा नाही. पदच राहणार.

मग म्हटलं, मी नाटकच सोडतो. तर म्हणाली, अंगरखा तुमच्या पोटावर बेतलाय, दुसऱ्या कोणाला होत नाही. आणि तीन तास न हलता उभं राहणारा माणूस मला सोलापुरात दुसरा मिळाला नाही. खरंच काका, तुम्ही भिंतीसारखे उभे राहता.

स्तुती होती. अडकलो.

२८ डिसेंबर, रविवार

बापूंचा फोन. टेम्पो ठरला. चोवीस माणसं. गोजरबाई आत्यासुद्धा येते आहे, जिला ऐकू येत नाही. बापू म्हणाले, जावईबापू, लगीन झाल्यापून तुमचं गाणं ऐकायचं ऱ्हाऊनच गेलं बघा.

वायर कोणी काढली होती, हे विचारायचं राहिलं.

आता गायलो तर हिंदुराव. नाही गायलो तर माढा. रात्रभर कूस बदलत होतो. सुकन्या म्हणाली, ऑफिसात जाऊन खरं सांगून टाका ना एकदा, साहेब काय खातात का? बायकांना कार्यालयीन गोष्टी कळत नाहीत.

५ जानेवारी २०२६, सोमवार

नाट्यगृहात पडदा ओढायला बिरुदेव नावाचा माणूस आहे. मंगळवेढ्याकडचा, पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या. घरची मेंढरं भाऊ बघतो, हा दोरी बघतो. आज गुंतलेली दोरी सोडवता सोडवता माझंच पद गुणगुणत होता. तालमी ऐकून पाठ झालेलं. हरिबांनी सुपारी थुंकली आणि पेटी उघडली. पहिल्याच बोटाला बटन सापडलं.

आवाज बरा आहे. शिक्षण नाही. मेंढरामागं हाका मारून कमावलेला आवाज. पण मला त्यातून मार्ग दिसला. रुद्राणीला म्हटलं, मी स्टेजवर उभा राहतो, पद बिरुदेव विंगेतून म्हणेल. पत्रिकेत नाव त्याचं. ती लगेच हो म्हणाली. हरिबा म्हणाले, देव हाय म्हनायचा. ते कशाबद्दल म्हणाले कळलं नाही.

बिरुदेव लाजला. म्हणाला, दोरी वढनारा मानूस मी, मला कुटं गायला लावता साहेब? पन तुमची अडचन हाय म्हनताय तर गातू की.

मोठा त्याग केला आज. घरी कोणाला सांगितलं नाही.

१४ जानेवारी. संक्रांत

हिंदुरावनं तिळगूळ दिला. म्हणाला, गोड बोला, लेखी देत जा.

एक अडचण आहे. ओठ हलवायचे की नाही? हलवले तर हिंदुराव म्हणेल पद स्वीकारलं. नाही हलवले तर बापूंना कळेल. उपाय म्हणून मोठी मिशी मागितली, ओठ झाकतील अशी. मेकअपवाल्यानं दिली. ती नाकात जाते. पण आता दोन्हीकडून बंदोबस्त झाला.

२४ जानेवारी, शनिवार. सकाळ

उद्या प्रयोग. गळा इतका सुंदर लागला आहे की काय सांगू. आणि नेमका उद्या बंद ठेवायचा. आज आंघोळीच्या वेळी पूर्ण पद म्हटलं. कडवं संपेपर्यंत सुकन्यानं मिक्सर लावला नाही. बाहेर आल्यावर बघितलं तर लाइट गेली होती.

डोळ्यांत पाणी आलं. साबणाचं नाही.

२५ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७.३०

सगळं लिहितो.

तीनला नांदी. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत गुरुराज साहेब, त्यांच्या मिसेस आणि एक म्हातारी, हिरव्या इरकलमधली, कपाळभर कुंकू. मागे हिंदुराव, मांडीवर फाइल! रविवारी फाइल! उजवीकडे अख्खा माढा. आत्या पहिल्या घंटेपासूनच टाळ्या वाजवत होती.

पहिला अंक उभा राहिलो. पाय गेले. मिशी नाकात. शिंक दोनदा आली, दोनदा गिळली. राजा हुरडा खातो तो खरा हुरडा होता, भाजल्याचा वास थेट माझ्याकडे. हलायचं नाही.

दुसरा अंक. राजपुत्रानं दार ठोठावलं. मी भाला आपटला. विंगेतून बिरुदेव सुरू झाला, एका हातात पडद्याची दोरी. 'दार कसे मी उघडू राजसा...' आणि हॉल गप्प. लहान पोरंसुद्धा गप्प. मी तोंड मिटून समोर बघत उभा. माझं पद माझ्या कानामागून चाललं होतं आणि मी त्याच्या दारावरचा दगड. असा जीव तुटला की भाला टाकून खाली बसावंसं वाटलं. माझं होतं हो ते. एकच होतं.

संपलं आणि वन्समोर! मग परत वन्समोर! तीनदा. संगीत नाटकाचा रिवाज, नाही म्हणता येत नाही. तिसऱ्या वेळी पुढच्या लोकांना कळलं की द्वारपालाची मिशीसुद्धा हलत नाही. जो हशा उठला! रुद्राणी विंगेत पोट धरून बसली. लोकांना वाटलं मुद्दाम केलेला विनोद आहे. तसा तो होताच, असं मी आता सगळ्यांना सांगणार आहे.

पडदा पडला आणि सगळे स्टेजवर. बापूंनी मला मिठी मारली. म्हणाले, लई सुधारला की हो आवाज! मिशीआड काय चाललंय ते त्यांना लांबून दिसलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात साहेब आले, म्हातारीचा हात धरून. मागोमाग हिंदुराव. साहेबांनी विचारलं, ते पद कोण म्हणालं?

एका बाजूला बापू, एका बाजूला फाइल. 'मी' म्हणावं तर हिंदुराव टाचणार. 'बिरुदेव' म्हणावं तर बापू. मी खोकलो. बराच वेळ खोकलो. संस्कृतीनं पाणी आणून दिलं आणि माझ्या वतीनं सगळ्यांना सांगून टाकलं, ते बिरुदेवकाका होते, बाबांनी ऑफिसात लिहून दिलंय की मी एकही पद घेणार नाही.

हिला हे कुठून कळलं, कोण जाणे. डायरीची जागा बदलली पाहिजे.

साहेब गोंधळले. म्हणाले, काय लिहून दिलं? मी नोटिसीचं सांगितलं. ते हिंदुरावकडे बघायला लागले. म्हणाले, अहो, दिवसाला शंभर सह्या करतो मी, ह्यांनी ठेवलं की करतो. वाचतो कुठं? आणि पद म्हणजे गाणं हे मला काय शिकवता? आमच्या कानडीत गाण्याला पदच म्हणतात. ही माझी आई, काशम्मा. गावात लग्नाकार्यात हीच पदं म्हणते. तुमचा रजेचा अर्ज तेवढा वाचला होता मी. आईला म्हटलं, आमच्या ऑफिसातल्या अजिनाथांना नाटकात पद मिळालंय. त्यासाठी ती अक्कलकोटहून आलीय. तुमचं ऐकायला.

माझं ऐकायला. एक माणूस, फक्त माझं ऐकायला, अक्कलकोटहून. आणि मी मिशी लावून गप्प उभा.

हिंदुरावनं फाइल पाठीमागे धरली. बापू म्हणाले, म्हंजे मगाशी तुमी न्हवता व्हय?

काशम्मांनी मुलाला कानडीत काहीतरी सांगितलं. साहेब म्हणाले, आई म्हणते आता म्हणा. इथंच. हरिबांनी पेटी उघडली नाही, पण मी थांबलो नाही. मिशी काढली. छाती भरून घेतली. बावीस वर्षांचं सगळं त्यात घातलं. 'दार कसे मी उघडू राजसा...'

पुढची ओळ घेतली तेवढ्यात बापू टेम्पो चालू करायला गेले. भावना आवरेनात म्हणून. आत्या टाळ्या वाजवत राहिली. मी 'किल्ली' वर हरकत घेतली आणि काशम्मांनी हाताचा पंजा वर केला, आशीर्वादाला करतात तसा, आणि म्हणाल्या, साकु. साकु.

दोनदा! मला कानडी येत नाही, पण साकु साखरेवरूनच आला असणार. पंजा वर करून दोनदा गोड म्हणणं, याला आपल्याकडे वन्समोर म्हणतात. मी परत पहिल्यापासून घेणार होतो, पण नाट्यगृहवाल्यांनी लाइट काढली. या वेळी पंखेही बंद झाले.

झालं. पद झालं. एका पट्टीच्या गाणारीनं, जिचा मराठीशी संबंध नाही, तिनं ओळखलं. सुकन्याला रिक्षात साकुचा अर्थ सांगितला. ती बाहेर बघत होती.

२६ जानेवारी, सोमवार. सकाळी १०.३०

झेंडावंदन झालं. आल्या आल्या शिपायाला, लेखा शाखेतल्या दोघींना आणि खुद्द हिंदुरावला साकुबद्दल सांगितलं. हिंदुरावनं फाइलीत डोकं घातलं.

नंतर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. जिलेबी होती. साहेब म्हणाले, नोटीस रद्द समजा, फाइल बंद. म्हणाले, आईला नाटक आवडलं, त्या पडदावाल्याचं पद घरी गेल्यावर ती स्वतः म्हणत होती. मी विचारणारच होतो की माझ्याबद्दल आणखी काय म्हणाल्या.

तेवढ्यात चहावाला आला. तोही अक्कलकोटकडचा. साहेबांच्या कपात किटलीतून ओतायला लागला. साहेबांनी पंजा वर केला आणि म्हणाले, साकु, साकु.

चहावाल्यानं ओतणं थांबवून किटली उचलली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, तुमाला किती?

मी म्हटलं, मला नको.